रेघ कोणी मारायची?

22 जुलै 1875 रोजी लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये पंतप्रधान बेंजामिन डिझरायली यांनी एक साधी वाटणारी घोषणा केली. अधिवेशन संपत आले आहे, कामे पुष्कळ उरली आहेत, तेव्हा व्यापारी जहाजांसंबंधीचे विधेयक सरकार यंदा पुढे नेणार नाही, असे त्यांनी सांगितले. डर्बीचे खासदार सॅम्युएल प्लिमसोल हे ऐकून उठले. त्यांचा आवाज चढला होता. आदल्या वर्षी बुडालेल्या काही जहाजांची नावे त्यांनी घेतली. त्या जहाजांचा मालक याच सभागृहात बसणारा प्लिमथचा खासदार एडवर्ड बेट्स आहे का, हे आपण सरकारला विचारणार असल्याचे सांगितले. खलाशांना मरणाच्या दारात ढकलणाऱ्या नराधमांचे बुरखे मी फाडणार, असेही ते म्हणाले. ‘नराधम’ हा शब्द सभागृहाच्या सदस्यांना उद्देशून आहे का, असे सभापतींनी विचारले. प्लिमसोल यांनी हो म्हटले आणि शब्द मागे घ्यायला साफ नकार दिला. मुठी आवळून ते सभागृहाच्या मधोमध उभे राहिले, आपला लेखी निषेध त्यांनी टेबलावर ठेवला आणि ते बाहेर पडले. वरच्या महिला कक्षात त्यांची पत्नी एलिझा बसली होती. त्या निषेधाच्या प्रती वार्ताहरांपर्यंत पोचवण्याचे काम तिने केले.

आठवड्याने प्लिमसोल यांनी सभागृहाची माफी मागितली. ती शब्दांबद्दल होती, मागणीबद्दल नव्हती. मागणी एवढीच होती की प्रत्येक मालवाहू जहाजाच्या अंगावर एक रेघ असावी, आणि ती रेघ पाण्याखाली जाईल इतका माल त्यात भरला जाऊ नये.

इतक्या साध्या गोष्टीसाठी एवढा संताप का, हे समजायला तेव्हाच्या जहाजधंद्यात शिरावे लागते.

जहाजात किती माल मावतो आणि जहाजाने किती माल न्यावा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कापसाच्या गासड्या भरल्या तर जहाज पुरते खोल जाण्याआधीच पोट भरते. कोळसा, लोखंडी रूळ किंवा खनिज भरले तर उलटे होते. माल ठेवायचे तळखण निम्मेही भरलेले नसते आणि जहाज मात्र पाण्यात पुरेसे बसलेले असते. रिकामी जागा डोळ्यांसमोर दिसत असते, बाजारात भाडे चढे असते, आणि आणखी शंभर टन टाकायला कोणी अडवत नसते. पाण्याच्या पृष्ठभागापासून डेकपर्यंत जी उंची उरते तिला फ्रीबोर्ड म्हणतात. जहाजाची उरलेली तरण्याची ताकद या उंचीत असते. लाट डेकवर चढली, आत थोडे पाणी शिरले, तरी जहाज पुन्हा वर येते ते या उरलेल्या उंचीच्या जोरावर. ती उंची विकून मालक भाडे कमवत होते.

ही गोष्ट त्या काळी कोणाला ठाऊक नव्हती असे नाही. मध्ययुगात व्हेनिसच्या जहाजांवर भाराची खूण असे. इंग्लंडमध्ये 1830 च्या दशकात लॉइड्स रजिस्टर या संस्थेचा एक नियम रूढ झाला. तळखणाच्या खोलीच्या दर फुटामागे 3 इंच फ्रीबोर्ड ठेवावा, असा तो होता. पण ती शिफारस होती, पाळणे मालकाच्या मर्जीवर होते. आणि मर्जी विम्याने ठरत असे. जुने, कुजके जहाज किमतीपेक्षा जास्त रकमेचा विमा उतरवून समुद्रात पाठवता येई. पोचले तर भाडे मिळे, बुडले तर विम्याचे पैसे. विमा देणाऱ्यांमध्ये तो धोका इतक्या लहान लहान हिश्शांत वाटला जाई की त्यांच्यातल्या एकेकाला चौकशीची खटपट करण्यात रस उरत नसे. अशा जहाजांना लोक शवपेट्या म्हणत.

त्या शवपेट्यांवर चढायला नकार देण्याची सोय खलाशाला नव्हती. एकदा करारावर सही केली आणि मग जहाज पाहून पाय मागे घेतला, तर तो गुन्हा ठरे. दंडाधिकारी त्याला सरळ तुरुंगात पाठवत. 1871 च्या कायद्याने थोडी वाट मोकळी केली. ठरावीक संख्येने खलाशांनी तक्रार केली तर न्यायालय जहाजाची पाहणी करायला सांगू शकत होते. पण तक्रार टिकली नाही तर पाहणीचा खर्च त्यांच्याच पगारातून जाण्याची भीती होती. याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली, जिचे महत्त्व पुढे वाढत गेले. जहाजाच्या नाळेवर आणि मागच्या टोकावर पाण्याची खोली दाखवणारे आकडे कोरणे सक्तीचे झाले. जहाज किती बसले आहे हे निदान वाचता येऊ लागले. किती बसू द्यायचे, हे मात्र कोणी ठरवले नव्हते.

जनतेला हादरवणारी घटना त्याआधीच घडून गेली होती. जानेवारी 1866 मध्ये मेलबर्नला निघालेली ‘लंडन’ ही आगबोट बिस्केच्या उपसागरात बुडाली. दोनशेहून अधिक माणसे गेली, वाचली केवळ 19. जहाज जड भरलेले होते आणि डेकवरही कोळशाच्या गोण्या होत्या, हे चौकशीच्या निमित्ताने लोकांसमोर आले. न्यूकॅसलकडचे जहाजमालक जेम्स हॉल यांनी त्यानंतर जादा भार आणि जादा विमा यांविरुद्ध मोहीम उघडली. स्वतः मालक असून त्यांनी मालकांच्या विरोधात बोलावे, याला धैर्य लागत होते. त्यांचेच काम पुढे प्लिमसोल यांनी संसदेत नेले.

प्लिमसोल दर्यावर्दी नव्हते. 1824 मध्ये ब्रिस्टलला जन्मलेल्या या माणसाने शेफिल्डला मद्याच्या कारखान्यात कारकुनी केली. लंडनमध्ये कोळशाचा धंदा काढला आणि त्यात ते पार बुडाले. काही काळ त्यांना गरिबांच्या सामायिक निवासात राहावे लागले. त्यांच्यासोबत तिथे राहणारे मजूर एकमेकांना कसे सांभाळून घेतात, हे त्यांनी जवळून पाहिले. पुढे धंदा सावरला, 1868 मध्ये ते खासदार झाले, पण ते दिवस त्यांनी मनातून जाऊ दिले नाहीत. 1873 मध्ये त्यांनी ‘अवर सीमेन’ हे पुस्तक काढले. त्यात कागदपत्रांच्या प्रतिकृती होत्या, छायाचित्रे होती, आणि धंद्यातल्या माणसांना सहज ओळखू येतील अशी वर्णने होती. त्यांच्यावर बदनामीचे दावे लागले. पण पुस्तकाने लोक हलले आणि त्याच वर्षी सरकारला शाही आयोग नेमावा लागला.

आयोगाने पुष्कळ साक्षी घेतल्या. त्याचा निष्कर्ष मात्र प्लिमसोल यांच्या बाजूने गेला नाही. प्रत्येक जहाज वेगळे, प्रत्येक माल वेगळा, प्रत्येक ऋतू वेगळा. अशा स्थितीत सगळ्यांना लागू पडणारी भाररेषा कायद्याने ठरवता येणार नाही, असे मत पडले. हा आक्षेप पोकळ नव्हता. लांब अरुंद आगबोट आणि रुंद पोटाचे शिडाचे जहाज यांना एकच माप लावता येत नाही, हे खरेच होते. पण माप काढणे अवघड आहे म्हणून मापच नको, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि दरवर्षी माणसे मरत राहिली. 1875 च्या जुलैमधल्या त्या दुपारचा संताप यातून आला होता.

तो संताप वाया गेला नाही. गावोगावी सभा झाल्या, वर्तमानपत्रे पेटली, आणि ज्या सरकारकडे वेळ नव्हता त्याने पुढच्या तीनच आठवड्यांत तात्पुरता कायदा मंजूर करून घेतला. त्यात धोकादायक जहाज अडवून ठेवण्याचे अधिकार सरकारी अधिकाऱ्यांना मिळाले. सुटे धान्य भरण्यावरही बंधने आली, कारण मोकळे धान्य जहाज कलले की एका बाजूला घसरते. पुढच्या वर्षी, 1876 मध्ये कायमचा कायदा आला. जहाजाच्या मध्यावर, दोन्ही बाजूंना, 12 इंच व्यासाची चकती आणि तिच्या मध्यातून जाणारी 18 इंच लांबीची आडवी रेघ काढणे सक्तीचे झाले.

इतिहास सांगणारे पुष्कळदा इथे थांबतात. रेघ आली, खलाशी वाचला, प्लिमसोल जिंकले. पण कायद्याचे कलम नीट वाचले की त्यातली पोकळी लक्षात येते. रेघेची जागा ठरवण्याचा अधिकार कायद्याने मालकालाच ठेवला होता. मालक जहाज जेवढे भरू इच्छितो ती पातळी त्याने दाखवायची, एवढेच बंधन होते. कार्डिफच्या एका कप्तानाने ही रेघ चक्क धुरांड्यावर रंगवली, असे सांगितले जाते. ती गोष्ट खरी असो वा नसो, रेघ कितीही वर काढायला कायद्याने मज्जाव केलेला नव्हता हे मात्र खरे. चकती होती, रेघ होती, रंग होता, आणि तिच्या मागे मोजमाप नव्हते.

1876 ते 1890 ही चौदा वर्षे या कथेचा गाभा आहेत. या काळात सभागृहात मुठी आवळल्या गेल्या नाहीत, म्हणून ती फारशी सांगितली जात नाहीत. आयोगाने जे अशक्य ठरवले होते ते शक्य आहे हे दाखवण्याचे काम या वर्षांत झाले. ते बेंजामिन मार्टेल या माणसाने केले. लॉइड्स रजिस्टर या जहाजांची वर्गवारी करणाऱ्या संस्थेचे ते मुख्य सर्व्हेअर होते. जहाजाची लांबी, खोली, आकार, डेकवरची बांधकामे आणि सांगाड्याची ताकद असे एकेक अंग धरून कोणत्या जहाजाला किती फ्रीबोर्ड हवा, याची कोष्टके त्यांनी तयार केली. 1882 मध्ये ती प्रसिद्ध झाली. पुष्कळ मालकांनी ती आपणहून स्वीकारली, कारण प्रामाणिक मालकालाही जादा भरणाऱ्या शेजाऱ्याशी स्पर्धा करणे जड जात होते. मग सरकारी समिती बसली आणि तिनेही थोड्याफार फरकाने तीच वाट धरली. अखेर 1890 च्या कायद्याने रेघेची जागा ठरवण्याचा अधिकार मालकाच्या हातून काढून घेतला. जागा कोष्टकांप्रमाणे ठरू लागली, आणि ठरवणारा तिऱ्हाईत झाला. त्या दिवशी ती रेघ खरी झाली.

ही लढाई इंग्लंडच्या संसदेत झाली, पण तिचा भार वाहणारी माणसे केवळ इंग्रज नव्हती. सुएझ कालवा 1869 मध्ये खुला झाला होता. मुंबईचा ससून डॉक 1875 मध्ये तयार झाला आणि प्रिन्सेस डॉक 1880 मध्ये. वेल्सचा कोळसा इकडे येत होता आणि दख्खन-खानदेशचा कापूस तिकडे जात होता. त्या ब्रिटिश आगबोटींच्या डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी होते, आणि भटारखान्यात व सलूनमध्ये गोव्याची माणसे होती. त्यांनी ना सभा घेतल्या ना निवेदने दिली. पण जहाज किती भरायचे या प्रश्नाच्या उत्तरावर त्यांचा जीव तितकाच टांगलेला होता.

आज कोणत्याही गोदीत उभ्या असलेल्या मालवाहू जहाजाच्या मध्यावर ती खूण पाहता येते. 300 मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ, त्यातून जाणारी 450 मिलिमीटर लांबीची रेघ, आणि रेघेच्या दोन बाजूंना दोन अक्षरे. ही अक्षरे ज्या संस्थेने रेघेची जागा ठरवली तिची असतात. भारतीय जहाजावर बहुधा इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगची. रेघ कोणी मारली हे रेघेवरच लिहिलेले असते. वर्तुळाच्या पुढच्या बाजूला शिडीसारख्या आणखी रेघा असतात. गोड्या पाण्यासाठी वरची, हिवाळ्यासाठी खालची, उष्ण कटिबंधासाठी वेगळी, उन्हाळ्यासाठी वेगळी. अरबी समुद्राला तर त्यात स्वतःचे वेळापत्रक आहे. मुंबई-गोव्याच्या या पट्ट्यात एरवी चांगल्या हवामानाच्या महिन्यांत जहाज उष्ण कटिबंधाच्या रेघेपर्यंत भरता येते. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मात्र त्याला खालची रेघ पाळावी लागते. कोकणचा कोळी ज्या महिन्यांत होडी किनाऱ्यावर ओढून ठेवतो, त्या महिन्यांत आंतरराष्ट्रीय करारही जहाजाचे ओझे उतरवतो.

या रेघा जगभर एकसारख्या व्हायला वेळ लागला. ब्रिटनने 1906 मध्ये आपल्या बंदरांत येणाऱ्या परदेशी जहाजांनाही भाररेषेचा नियम लावला. त्याच वेळी कोष्टके बदलून आपल्या जहाजांना जरा अधिक खोल भरायची मुभाही दिली, आणि त्यावर टीका झाली. 1930 मध्ये लंडनला पहिला आंतरराष्ट्रीय भाररेषा करार झाला. सध्या लागू आहे तो 1966 चा. प्लिमसोल 1898 मध्ये वारले. लंडनला टेम्सच्या काठी त्यांचे स्मारक आहे. ते 1929 मध्ये खलाशांच्या संघटनेने उभारले.

रेघेपर्यंत भरलेल्या जहाजात नेमका माल किती, हे सांगणाऱ्या माणसाची गोष्ट इथून सुरू होते. हा माणूस म्हणजे मरीन सर्व्हेअर. पन्नास हजार टन खनिज कोणत्या काट्यावर तोलायचे? ते काम जहाजच करते. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, या आर्किमिडीजच्या तत्त्वावर ड्राफ्ट सर्व्हे चालतो. माल भरण्याआधी एकदा आणि भरून झाल्यावर एकदा, सर्व्हेअर छोट्या बोटीतून जहाजाभोवती फिरतो. पुढे, मध्ये आणि मागे, दोन्ही बाजूंना, अशा सहा जागी आकडे वाचतो. हे आकडे 10 सेंटिमीटर उंचीचे असतात आणि पाणी आकड्याच्या खालच्या कडेला टेकले की तो आकडा पुरा धरायचा. पाणी स्थिर कधीच नसते. लाट चढते तेव्हा कुठवर येते, उतरते तेव्हा कुठवर जाते, हे पुष्कळ वेळा पाहून मधला आकडा ठरवायचा. सुमारे दोनशे मीटर लांब आणि बत्तीस मीटर रुंद जहाज एक सेंटिमीटर बुडायला 55 ते 60 टन माल लागतो. म्हणजे सेंटिमीटरभर चूक झाली की पाच-सहा ट्रक माल कागदावर वाढतो किंवा नाहीसा होतो.

आकडे वाचून काम संपत नाही. गोदीच्या पाण्याची बाटली भरून त्यात घनता मोजणारा हायड्रोमीटर सोडायचा. समुद्राच्या पाण्याची घनता 1.025 धरतात, पण नदीच्या मुखाशी किंवा पावसाळ्यात ती कमी असते. साठ हजार टन विस्थापन असलेल्या जहाजाच्या हिशेबात 1.025 ऐवजी 1.020 घनता निघाली तर सुमारे 300 टनांचा फरक पडतो. जहाज मध्यात वाकलेले असते, म्हणून मधल्या आकड्याला सहापट भार देऊन सरासरी काढतात. मग तोलासाठी पाणी भरलेल्या बॅलास्टच्या टाक्यांत दोरी सोडून पाणी मोजायचे, इंधन आणि पिण्याचे पाणी मोजायचे, आणि ते सगळे वजा करायचे. इतके करूनही हा हिशेब अर्ध्या टक्क्याच्या आसपास इकडेतिकडे होऊ शकतो, हे चांगला सर्व्हेअर स्वतःच सांगतो. त्याच्या आकड्यावर विकणारा, घेणारा, बँक आणि विमा कंपनी असे सगळे विसंबतात.

नुकसानीची पाहणीही याच जातीची असते. गोण्या भिजलेल्या निघाल्या की पहिला प्रश्न असतो, पाणी आले कुठून? तळखणात थंडगार पत्र्यावर दव साचून ते मालावर ठिबकले, की झाकण गळून समुद्र आत आला? डागावर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले आणि दुधासारखा पांढरा साका धरला, तर पाण्यात क्षार आहेत, बहुधा समुद्राचेच. तसा साका धरला नाही तर शोध दुसरीकडे घ्यायचा. भरपाई कोणी द्यायची, हे पुष्कळदा या थेंबांवर ठरते. म्हणूनच सर्व्हेअरला कोणी नेमले, यापेक्षा तो खरे लिहितो की नाही, याला किंमत आहे.

खरे लिहिले गेले नाही तर काय होते, ते आपल्याच किनाऱ्यांवर दिसले. 2009 च्या पावसाळ्यात लोहखनिजाची बारीक भुकटी भरलेली दोन जहाजे भारताच्या बंदरांतून निघाली. ‘एशियन फॉरेस्ट’ जुलैत मंगळूरजवळ बुडाले आणि ‘ब्लॅक रोझ’ सप्टेंबरमध्ये पारादीपजवळ. दुसऱ्या अपघातात जीव गेला. भुकटी उघड्यावर पावसात भिजलेली असेल तर तळखणात ती वरून कोरडी दिसते. समुद्रकिनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत एकाच जागी पाय हलवत राहिले की ती जशी पायाखाली सैल होऊन चिखल बनते, तशी ही भुकटी इंजिनच्या कंपाने आणि लाटांच्या हेलकाव्याने पातळ होते. हजारो टनांचा तो चिखल एका बाजूला सरकतो, तिथेच राहतो, आणि जहाज पुन्हा सरळ होत नाही.

ही दोन्ही जहाजे रेघेपर्यंतच भरलेली असली तरी रेघ त्यांना वाचवू शकली नसती. धोका वजनात नव्हता, ओलाव्यात होता. आणि ओलावा किती, हे प्रमाणपत्रातून सांगण्याची जबाबदारी माल पाठवणाऱ्याची असते. पुढच्या वर्षी, 2010 च्या अखेरच्या महिन्यांत, निकेलचे खनिज नेणारी तीन जहाजे पूर्व आशियाच्या समुद्रात बुडाली आणि 44 खलाशी गेले. 1 जानेवारी 2011 पासून सुट्या घन मालाची आंतरराष्ट्रीय संहिता बंधनकारक झाली. ओलाव्याची चाचणी आणि भराई यांत सात दिवसांहून जास्त अंतर असू नये, असे ती सांगते. नंतरच्या सुधारणांनी नमुने घेण्याच्या पद्धतीवर बंदराच्या देशातील अधिकृत यंत्रणेने देखरेख ठेवावी, हेही घातले. संहितेत कप्तानासाठी एक साधी परीक्षाही आहे. डबा अर्धा भरून खनिज घ्यायचे, तो कठीण जागेवर पंचवीसएक वेळा आपटायचा, आणि वर पाणी किंवा ओलसर लकाकी येते का ते पाहायचे. लकाकी आली तर प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी झाल्याशिवाय माल घ्यायचा नाही. गोव्यात मांडवी-झुआरीतून बार्जने खनिज मुरगावला उतरताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या डब्याचे मोल वेगळे सांगायला नको.

कंटेनरची गोष्टही याच वळणाची आहे. जानेवारी 2007 मध्ये ‘एमएससी नेपोली’ हे जहाज इंग्लिश खाडीत वादळात फुटले. 26 जणांची सुटका झाली आणि जहाज डेव्हनच्या किनाऱ्यावर आणून टेकवावे लागले. सांगाड्याची ताकद कमी पडणे, हे मुख्य कारण होते. पण डेकवरचे जे 660 च्या आसपास कंटेनर कोरडे राहिले होते ते तोलले, तेव्हा 137 कंटेनरांचे वजन कागदापेक्षा तीन टनांहून जास्त फरकाने वेगळे निघाले. वजन सांगितलेले होते, मोजलेले नव्हते. 1 जुलै 2016 पासून तपासलेले वजन कळवल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढवता येत नाही. पूर्ण भरलेला कंटेनर काट्यावर घालायचा, किंवा आतला माल तोलून त्यात कंटेनरचे वजन मिळवायचे, एवढेच मार्ग ठेवले आहेत. अंदाज चालत नाही.

1876 ची धुरांड्यापर्यंत चढू शकणारी रेघ, 2009 मधला ओलाव्याचा धोका आणि 2007 मधले न तोललेले कंटेनर यांच्यामध्ये सव्वाशे-दीडशे वर्षे आहेत, पण दुखणे एकच आहे. ज्याला जास्त भरण्यात फायदा आहे त्यालाच माप सांगायला लावले, की ते माप कागदावर बरोबर असते आणि समुद्रात चुकते. उपायही प्रत्येक वेळी तोच निघाला. माप तिऱ्हाइताने घ्यावे आणि त्याला ते निर्भयपणे लिहिता यावे.

आपल्याकडे आज न्हावा शेवा, जयगड, मुरगाव अशा बंदरांतून रोज माल जातो-येतो. साखर, कांदा, द्राक्षे, पोलाद, बॉक्साइट पाठवणारे निर्यातदार हा लेख वाचत असतील, वजनकाट्यावर पावती फाडणारे असतील, सर्व्हेअरच्या हाताखाली नव्याने शिकणारी मुलेही असतील. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. वजन अंदाजाने लिहू नका, ओलावा कालच्या कागदावरून उचलू नका, आणि कप्तानाने किंवा सर्व्हेअरने माल थांबवला तर त्याच्यावर दडपण आणू नका. एका दिवसाचा खोळंबा भरून निघतो. प्लिमसोल यांनी ज्यांच्यासाठी सभागृहात मुठी आवळल्या, त्या खलाशांची जबाबदारी आज कायद्याइतकीच वजनाच्या कागदावर सही करणाऱ्या प्रत्येकावर आहे.